बदामाचा कापलेला एक्का

आबा, मागच्या रविवारी पुण्यात तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. तिथे एका टेबलावर मला तुमचा बदामाचा एक्का दिसला. तुमचा म्हणजे अगदी तसाच, बदामाजवळ जर्मन सरकारची गोल मोहोर असलेला. मी तो घेतला. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पत्त्यांच्या कराची तिकिटं मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "माझे वडील जमवायचे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "लोणावळ्याच्या एका हॉटेलात पत्त्यांच्या खोलीत कामाला होते," असंही सांगून टाकलं. एवढं एक वाक्य बोलायला मला साठी गाठावी लागली.

तुमचं ते काम मी एकदाच पाहिलं, खोलीच्या दारात उभी राहून. डाव मांडण्याआधी नवा कॅट खेळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत फोडायचा, हा तिथला रिवाज. बाकीचे वेटर डबीवर चिकटवलेलं सरकारी कराचं तिकीट, म्हणजे ती कागदी पट्टी, नखाने टर्रकन फाडायचे. तुम्ही पांढऱ्या कोटाच्या खिशातून दाढीचं पातं काढता, झाकणाच्या कडेने अलगद फिरवता, आणि पट्टीचे दोन सरळ तुकडे होतात. "अरे भाई, ऑपरेशन कर रहे हो क्या?" एक साहेब म्हणतात. तुम्ही हसता, पण हात हलत नाही. डाव संपला की रिकामी डबी तुमची.

मग ती डबी सायकलवरून कार्ल्याला आपल्या घरी यायची. चुलीवर आंबेमोहोर रटरटतोय आणि तुम्ही कोट खुंटीला लावून भाताच्या वाफेवर डबी धरून बसलाय, पट्टीचा डिंक सुटायची वाट बघत. आई वैतागायची, "लोकांचे नवरे लोणावळ्यास्नं चिक्की आणत्यात, ह्ये चिंध्या आणत्यात. सरका, भात करपंल माजा." तुम्ही मलाच जवळ बोलवायचात. "ह्ये बग बाय, टपालाचं तिकीट गावोगाव फिरतं, त्याला समदे वळखत्यात. ह्ये न्हाई फिरत. डाव मांडायच्या आदी सरकारानं कर घेतला, त्याची ही खूण. ती फाडल्याबिगर खेळ सुरू हुत न्हाई, आन् फाडली की तिच्याकडं कोन बगत न्हाई." तुम्हाला तिच्याकडे बघावंसं का वाटलं, हे तेव्हा मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मी सातवीत असताना कॉन्व्हेंटमध्ये छंदांचं प्रदर्शन ठरलं. त्याच सुमारास हॉटेलात एक जर्मन पाहुणा, एक पान हरवलं म्हणून, आपला जुना कॅट टेबलावर सोडून गेला. त्यातला बदामाचा एक्का तुम्ही रुमालात गुंडाळून आणलात. "ह्याला पट्टी न्हाई. थेट पानावरच छापलंय," असं म्हणून तुम्ही तो माझ्या हातात दिलात, दोन्ही हातांनी. प्रदर्शनात ठेवायच्या तुमच्या वहीत सगळी तिकिटं डबीवरून सोडवून नीट चिकटवलेली, आणि हे एकच अख्खं पान. मला ते विजोड वाटलं. तुम्ही कामावर असताना मी कात्रीने मोहोर गोल कापून घेतली आणि उरलेलं पान चुलीत टाकलं.

तुम्ही वही उघडलीत. मी ओरडा खायच्या तयारीत उभी. तुम्ही त्या गोल तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलंत, मग म्हणालात, "चांगलं गोल कापलंयस. पर बाय, ही कशावर हुती, त्ये आता कसं कळायचं?" एवढंच. मला शिकवलेल्या सगळ्या सिस्टरांनी मिळून केलेल्या शिक्षा मी विसरले, हे नाही विसरले.

तरीही मी सुधारले नाही. प्रदर्शनासाठी वहीच्या पहिल्याच पानावर सुंदर इंग्रजी अक्षरात चिठ्ठी चिकटवली, की ही तिकिटं माझ्या वडिलांच्या परदेशी मित्रांनी पाठवली आहेत. सिस्टर म्हणाल्या, "हाऊ लव्हली!" बाजूला इतर मुलींचे वडील कोट-टाय घालून उभे. प्रदर्शन होतं शुक्रवारी.

शनिवारी तुम्ही कामाची पाळी बदलून घेतलीत, तीही हॉटेलात सगळ्यात गर्दीच्या दिवशी. इस्त्रीचा शर्ट घातलात, आईला म्हणालात, "आपल्या चिंध्या बगाया लोकं आल्यात, चल यायची तर." आई आली नाही. तुम्ही एकटेच शाळेच्या फाटकापर्यंत गेलात आणि वॉचमनने सांगितलं, ते काल झालं. तासाभराने परत आलात. आई भडकली, "पोरीनं सांगितलेला वारबी ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय तुमच्या?" तुम्ही शर्ट काढून खुंटीला लावलात. "माजंच चुकलं. कामाच्या घाईत वार उलटापालटा झाला." माझ्याकडे पाहिलंतही नाही, आणि मी पाटावर बसून जेवत राहिले. वही तुम्ही पुढेही वाढवत राहिलात, नवीन पट्टी आली की आधी मलाच दाखवायचात.

काल रात्रीच्या भाताला वाफ धरली तेव्हा मी वहीतली ती इंग्रजी चिठ्ठी वाफेवर सोडवली. आता कुकर आहे, म्हणून मुद्दाम पातेलं लावलं. चिठ्ठीच्या जागी तुमचं काम लिहिलं, मराठीत, आणि अख्खा एक्का त्या गोल तुकड्याशेजारी ठेवला. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा तेही वहीतच राहील.

तुमचं काही चुकलं नव्हतं, आबा. वार तुमच्या बरोबर ध्यानात होता. मीच तुम्हाला शनिवार सांगितला होता.