लशीचा बर्फ

पोलादपूर, १९८६

डॉक्टरसाहेब,

हे पत्र टपालपेटीपर्यंत नेऊन दोनदा परत आणलंय.

त्या दिवशी संस्थेच्या लशीच्या डब्यातला सगळा बर्फ मी बाळंतीण प्रयागबाईच्या पोटावर ठेवला. रक्त थांबलं, ती वाचली. गोवराची लस मात्र उन्हानं वाया गेली. तरी तीच मी वाडीतल्या पोरांना टोचली. कामं टाकून आलेल्या बाया पुन्हा आल्या नसत्या.

आता प्रयागबाईकडे मुंबईहून आलेल्या भाचीला गोवर निघालाय. एरवी दाराला कडुलिंब बांधून पोरं लांब ठेवतात. काल प्रयागबाईची मोठी तिन्ही पोरं भाचीच्या अंथरुणातच खेळत होती. मी ओरडले, तर ती हसली.

"तुझी सुई टोचलेली हाय गो बाय, मग भ्यायचं कशाला?"

वाडीची नर्स,
सुगंधा