आबांना गावी नेलंय

नवागाम, सुरत
रविवार, दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. गायत्री,

अनेक आशीर्वाद. तू, प्रज्ञेश आणि तुमची मुलगी बरी असाल असं समजतो. इकडे सगळे ठीक आहेत.

आबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, म्हणून यंदा दिवाळी केली नाही. तुझ्या आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, डॉक्टर ऑपरेशन म्हणतो आणि ती नाही म्हणते. योगेंद्र हजीऱ्याला कंपनीच्या बसने जातो. त्याची बायको चंचल, तू तिला अजून नीट पाहिलेलंही नाहीस, घरी साड्यांना लेस लावायचं काम घेते. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे पडलेले असतात. मी अजून पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंगलाच आहे. डोळ्यांना आता कापडावरचा डाग पटकन दिसत नाही, पण सेठने अजून काढलेलं नाही.

पत्ता योगेंद्रने पाकिटावर लिहून दिला. तो म्हणाला, पप्पा, फोन करा ना, नंबर देतो. मी नको म्हटलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी परत काहीतरी खोटं बोलेन. कागदावर खोटं लिहायला घेतलं तर हात थांबतो, हे मला याच आठवड्यात कळलं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली, कारण त्यात मी नुसती सगळ्यांची तब्येत लिहिली होती.

आबांचं सांगतो.

आषाढात एका सकाळी दाढी करताना त्यांचा आरसा पडला. आम्ही धावत गेलो तर तोंड वाकडं झालेलं. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. सिव्हिलमध्ये अकरा दिवस होते. घरी आणल्यावर पुढच्या खोलीत पडदा लावून त्यांची खाट टाकली. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेला माणूस. आता त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "गा."

कोणी भेटायला आलं की त्यांचा हात धरून म्हणायचे, "गा... गा..." डोळ्यांतून पाणी यायचं.

मी सगळ्यांना सांगायचो, गावाची आठवण येते त्यांना. पारोळ्याकडचे पाहुणे मान हलवायचे, म्हणायचे, जन्मभूमी असते शेवटी. तुझी आई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "अहो, ते गाव नाही म्हणत. गायत्री म्हणतात. बोलावू का तिला?" मी म्हणालो, "गावच म्हणतायत. तू त्यात तोंड घालू नकोस." तिला या घरात मी नेहमीच गप्प केलं आहे.

मला माहीत होतं, बेटा. पहिल्याच दिवशी, पहिल्याच "गा"ला माहीत होतं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी तू कोर्टात लग्न करून आलीस आणि मी तुला दारातून परत पाठवलं, त्या संध्याकाळी आबा मला म्हणाले होते, "वाल्मिक, पोर सुखी शे ना? मंग आपले काय?" मी त्यांना म्हणालो, "आबा, घर माझं आहे. तुम्ही यात पडू नका. आणि तिला फोन केलात तर मला मेलेला पाहाल." स्वतःच्या बापाला असं बोललो. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी तुझं नाव या घरात घेतलं नाही. तुला कदाचित वाटलं असेल की आबाही तुझ्या विरोधात आहेत. तसं नव्हतं. त्यांना मी शपथ घातली होती.

का, ते पण लिहितो. प्रज्ञेशमध्ये मला काही खोट दिसली नव्हती. पोरगा रेल्वेत कामाला, दारू नाही, मोठ्याने बोलत नाही. त्याचे वडील नागनाथ माझ्या मिलमध्ये होते. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर कापडाच्या घड्या घातल्या, त्यांच्या डब्यातलं भरीत मी रोज खाल्लं. पण मुलगी द्यायची म्हटल्यावर मला त्यांची जात आठवली. भाऊबंद काय म्हणतील, योगेंद्रला मुलगी कोण देईल, गावी तोंड कसं दाखवू, हेच डोक्यात फिरत राहिलं. नंतर नागनाथ जेवायला दुसरीकडे बसायला लागले.

आता २८ सप्टेंबर. रविवार होता. तुझी आई आणि चंचल भाजी घ्यायला गेल्या होत्या, योगेंद्र ड्यूटीवर. दुपारी दार वाजलं आणि तू उभी. निळा ड्रेस, हातात केळी आणि नानखटाईचा पुडा. तू खूप वाळलेली दिसलीस. तू म्हणालीस, "पप्पा, आबांची तब्येत खराब आहे असं कळलं. मी बसणार नाही. पाच मिनिटं फक्त बघते."

मी चौकटीला हात लावून उभा राहिलो. म्हणालो, "आबांना गावी नेलंय."

तितक्यात आत ग्लास पडला. तू विचारलंस, "आत कोण आहे?"

मी म्हणालो, "मांजर."

तू पुडा ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "गावी कोणी जाणारं असेल तर पाठवा. चहात बुडवून देता येतं." आणि गेलीस.

मी आत आलो तर आबा अर्धे खाटेवरून खाली आलेले होते. डावा हात पडद्यापर्यंत ताणलेला. पाण्याचा ग्लास त्यांनी मुद्दाम पाडला होता. बोलता येत नव्हतं ना. मी त्यांना उचलून वर ठेवलं आणि म्हणालो, "कोणी नव्हतं आबा, सेल्समन होता." तुझा आवाज ऐकलेल्या माणसाला मी हे सांगितलं. आणि तो पुडा त्यांच्या नजरेसमोर उचलून शेजारच्या पोरांना देऊन टाकला.

त्या दिवसापासून आबांनी माझ्या हातून पाणी घेतलं नाही. तुझी आई भरवायची तेव्हा दोन घास खायचे. मी चमचा पुढे केला की भिंतीकडे तोंड. मी ओरडलो, पाया पडलो, रडलोसुद्धा. भिंतीकडेच तोंड. आणि "गा" म्हणणंही बंद झालं.

अकरा दिवस मी हे सहन केलं. नऊ ऑक्टोबरला सकाळी मिलला न जाता त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आबा, मी जातो. तिला घेऊनच येतो." त्यांनी तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी त्यांचा चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला.

मी रिक्षाने बमरोलीला आलो. योगेंद्रने कधीतरी तुझी गल्ली दाखवली होती. तुझ्या दारापर्यंत आलो, गायत्री. दार उघडं होतं, आतून कुकरची शिटी ऐकू आली. पायरीवर एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, हातात बिस्कीट. तुझ्या लहानपणीची जिवणी. तिने मला विचारलं, "कोनुं काम छे?"

मी काय सांगायला हवं होतं? तिची आई माझी मुलगी आहे, एवढंच. तिचं नाव मला माहीत नव्हतं, अजून माहीत नाही. मला वाटलं, तू बाहेर येशील, आणि मला सांगावं लागेल की ते मांजर नव्हतं. मी त्या पोरीला म्हणालो, "कोणाचं नाही बेटा. गल्ली चुकली." आणि वळलो.

नाक्यावर चहा घेऊन मी मनाशी ठरवत होतो की आबांना काय सांगायचं. गायत्री घरी नव्हती, असं सांगू. घरी पोचलो तर तुझी आई दारातच बसली होती. म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून दाराकडे बघत होते. अर्ध्या तासापूर्वी गेले."

दाराकडे तोंड होतं त्यांचं. भिंतीकडे नव्हतं.

योगेंद्रने तुला कळवलं. तू आलीस, गल्लीत सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांच्या पायाला हात लावलास आणि आईला विचारलंस, "आबांना गावाहून कधी आणलं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काल."

बापाच्या मयताजवळ उभं राहून मी हे बोललो. तो एक शब्द मी इथे खोडतो. काल नाही, गायत्री. आबा गावी गेलेच नव्हते. ते तुझ्यापासून चार हातांवर होते आणि तुला बोलावत होते.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचं तोंड मला नाही. तुला खरं कळावं एवढंच. प्रज्ञेशला आणि नागनाथला माझा नमस्कार सांगावासा वाटला तर सांग.

तू दोनदा माझ्या दारातून परत गेलीस आणि तिसऱ्यांदा मी तुझ्या दारातून परत आलो. तिन्ही वेळा चूक माझीच.

वाल्मिक मगन माळी


बमरोली, सुरत
दि. ९ नोव्हेंबर २०२५

पप्पा,

पत्र पोचलं. तीन दिवस उघडलं नाही. प्रज्ञेश म्हणाला, फाडायचं असेल तर वाचून फाड. शाळा गुजराती होती, त्यामुळे माझं मराठी चुकेल, समजून घ्या.

आबा आत आहेत हे मला त्या दिवशीच कळलं होतं. ओट्यावरच्या दोरीला त्यांचं धोतर होतं, ओलं. गावी गेलेल्या माणसाचं धोतर इथे कोण धुतं? आणि मांजराला इतका मोठा ग्लास पाडता येत नाही.

तुम्हाला वाटत असेल, मग ही ढकलून आत का आली नाही. कारण मला वाटलं, आबांनीच सांगितलं असेल की तिला आत घेऊ नका. सहा वर्षांत त्यांचा एक फोन नव्हता. मला वाटलं, तुम्ही खोटं बोलताय ते माझ्यावर दया करून, मला वाईट वाटू नये म्हणून. मी गल्लीच्या तोंडाशी साड्यांचा टेम्पो उभा होता त्याच्यामागे जाऊन रडले. घरी येऊन प्रज्ञेशला म्हणाले, आबांना मी नको आहे.

त्यांच्या पायाला हात लावला तेव्हाही मनात तेच होतं. म्हटलं, चला, आज तरी लावू दिला.

पप्पा, हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. माझ्या आबांवर मी महिनाभर रागावले, ते मेल्यावरही. तुमच्या पत्रातलं "गा" वाचलं आणि मी स्वयंपाकघरात खालीच बसले. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता आणि तो माझा होता. तुम्ही तो गावाला देऊन टाकलात.

तुम्ही नऊ तारखेला आला होतात हे मला माहीत नव्हतं. पण त्या सकाळी पोरीने आत येऊन मला सांगितलं होतं, "मम्मी, एक दादा आवेला, भूला पडेला." तिच्या भाषेत दादा म्हणजे आजोबा, म्हातारा माणूस कोणीही असला तरी. मी म्हटलं, असेल कोणी वाट चुकलेला. कुकर बंद करायला पाच मिनिटं लागली असती. मी बाहेर आले असते तर आपण रिक्षा केली असती. ती अर्ध्या तासाची गोष्ट मी रोज मोजते. तुम्हीही मोजत असाल.

तिचं नाव विशाखा आहे. पाचवं चालू आहे.

पप्पांचा (माझे सासरे, तुमचे नागनाथ) नमस्कार. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. भरिताचं ऐकल्यावर ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "त्याला बीपी आहे, गोळ्या वेळेवर घेतो का विचार." मी विचारते आहे.

माफ केलं असं मी लिहू शकत नाही. खोटं होईल, आणि आपल्या घरात ते खूप झालं. आईला आणि चंचलवहिनीला भेटायला मी येईन, तुम्ही मिलमध्ये असाल अशा दिवशी. तुमच्यासमोर बसायला मला किती दिवस लागतील ते मलाच कळत नाही. कदाचित पुष्कळ. घरी येऊ नका, विशाखाला भेटू नका, अजून नको. मी सांगेन तेव्हा.

पण पत्र लिहा. आबांबद्दल लिहा. आजारी पडण्याआधीच्या सहा वर्षांतलं सगळं लिहा, मी नव्हते तेव्हाचं. ते सकाळी काय करायचे, कोणाबरोबर बसायचे, कशाला हसायचे. माझी ती वर्षं कोणाकडेच नाहीत, फक्त तुमच्याकडे आहेत. तेवढी मला द्या.

खाली सही करताना तुम्ही वाल्मिक मगन माळी असं लिहिलंत. पुढच्या पत्रात तसं लिहू नका. मला सरकारी कागद आल्यासारखं वाटलं.

तुमची,
गायत्री