शुक्रवारची हंडी

मोर्डो,

मी दोन्ही पोरांना घेऊन डोंगरात चाललेय, कोळसेवाल्या यानीसच्या गाडीतून. तुला विचारलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणाला असतास, जर्मन आपल्याला पोलंडात, क्राकोला घरं देणार आहेत. खुशाल देऊ देत, मला नकोय त्यांचं घर.

आज शुक्रवार, उद्या शब्बाथला चूल पेटवायची नाही; आपली हंडी रात्रभर शिजायला पाववाल्या थानासीच्या भट्टीवर गेली नाही, तर घर रिकामं झालं हे सगळ्या गल्लीला कळेल. म्हणून ती नेऊन ठेवलीय. उद्या दुपारी तूच जाऊन आण आणि नेहमीसारखं, "तळाशी करपवली असशील," म्हणून त्याच्याशी भांड. उचलताना खडखडली तर दचकू नकोस. हलकी लागू नये म्हणून खाली दगड घातलेत.

उद्या अंधार पडला की कोटावरचा पिवळा तारा उसव आणि विहिरीपाशी जा. यानीस आम्हाला पायथ्याशी सोडून परत येईल आणि तिथे थांबेल. प्रवास करू नये अशा शब्बाथभर आम्ही वाटेत असू, त्याचं पाप माझ्या नावावर लिही, पण ये.

दगडांवर घेवडा एकट्यापुरताच टाकलाय. पुढच्या शुक्रवारी वर डोंगरात मी चौघांचा शिजवणार आहे.

रेना