मोठ्याने वाचलेली पत्रं

कळंबा, ४ जून १९९७

आले एकदाची! बंगला तळ्याच्या बाजूला आहे, खिडकीतून नुसता हिरवागार ऊस. शंभर वर्षांपूर्वी इथे व्हिटलॉक नावाचा अमेरिकन जमीनदार राहायचा. बंगल्याचे आताचे मालक राजशेखर त्याच्या पत्रांचं पुस्तक काढणार आहेत. पत्रं स्वच्छ अक्षरात उतरवणं हे माझं काम. कॉन्व्हेंटमध्ये उतारा झाला की सिस्टर ॲग्नेस तो मोठ्याने वाचायला लावायच्या. चूक कानाला आधी कळते म्हणायच्या. अजूनही मी तसंच करते. स्वयंपाकाला शालूबाई आहेत. "पावणं, तिखट चालंल न्हवं?" असं विचारून त्यांनी मला ठसका लागेपर्यंत जेवू घातलं, वर हसल्या.

८ जून

व्हिटलॉकची लेकीला लिहिलेली पत्रं किती हळवी! घरामागच्या सफरचंदांची आठवण काढतो. मला आईची पत्रं आठवली. धंद्याची पत्रं मात्र कोरडी. आज आकाराम नावाच्या कुळाला लिहिलेलं वाचलं : जमीन आणि घर सोडावं, बस.

१० जून

गल्लीत कुणी माझ्याशी बोलत नाही. दूधवाल्या बनाबाईंनी दुधाची पिशवी माझ्यासमोर आपटली. शालूबाईंकडून कळलं, आकारामचे पणतू राहायचे ते घर काल सकाळी रिकामं सापडलं. चुलीवर भात तसाच. मी म्हटलं, गेले असतील पाहुण्यांकडे. "चपला टाकून?" शालूबाई म्हणाल्या.

१३ जून

काल जोतीराम नावाच्या दुसऱ्या कुळाला लिहिलेलं पत्र वाचलं. आज त्याच्या वारसांचं घर रिकामं. समोरचे पिराजी फाटकातून ओरडले, "साहेबाचा हुकूम ह्या बंगल्यात मोठ्यानं वाचल्याबिगर लागू व्हत न्हवता. आजवर कुणी वाचला न्हाय. तुमी वाचलासा, बाई! काय गोड आवाज!"

पुढचं पत्र गुंडूच्या नावाचं. गुंडू म्हणजे शालूबाईंचे आजेसासरे. त्या घरात शालूबाई, मुलगा, सून, पाळण्यातली नात.

मी ते वाचणार नाही.

१४ जून

गुंडूचं पत्र बंबात जाळलं. बाजारातून आले तर शालूबाई पायरीवर, चेहरा पांढराफटक. सकाळपासून वाचताय, आता पुरे करा, म्हणाल्या.

मी घरात नव्हते.

१५ जून

पत्रांच्या बंद खोलीतून आवाज. माझाच. आधी लेकीची पत्रं, लाडाने. मग धंद्याची — आकाराम — जोतीराम — आणि थांबतो. पुन्हा पहिल्यापासून.

शालूबाईंना म्हटलं, सगळ्यांना घेऊन निघा. "आमचंच घर सोडून? त्यो मेलाय, आमी जित्ती हाय की!"

१५ जून, दुपार

खोलीतला आवाज बंद.

आता माझ्या घशात. ओठ आपोआप — पदर कोंबला, तरी —

शालूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलंय. मी लिहितेय, म्हणजे बोलणार नाही — लिहीत राहायचं —

'गुंडू व त्याच्या वंशातील सर्वांनी' — मी नाही, मी नाही म्हणत —

शालूबाईंचे हात हलके होत चाललेत. शालूबाई, घट्ट धरा, घट्ट —