पिवळा शेरा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन: रोज दहा रिपोर्ट, अर्धा तास चालणे, चहा दोनच.

स्पॅनिशमधले एक्स-रे आणि सीटीचे रिपोर्ट इंग्रजीत करणारा हिंगोली जिल्ह्यात मी एकटाच. (मराठवाड्यातही असेन. चौकशी केलेली नाही.) पेशंट तिकडचा, पुढचा डॉक्टर इंग्रजीवाला, आणि मधे मी, धम्मानंद. पेशंटचं नाव येत नाही, नुसता नंबर येतो. ते बरं, जीव गुंतत नाही.

कंपनीचा नियम असा की, शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर बाजूला पिवळा शेरा टाकून विचारायचं. सहा महिन्यांत मी एकही टाकलेला नाही. ज्यांना येत नाही ते विचारतात.
चहा: चार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पेशंट ४४१७. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला 'लेसिओन', चौदा मिलिमीटर. याचा अर्थ मार लागलेला असाही होतो आणि रोगाची जागा असाही. मी 'इंज्युरी' टाकलं. पडला असेल बिचारा. सपनानं स्वयंपाकघरातून विचारलं, छातीच्या आत कसा मार लागेल म्हणून. बायको शाळेत भूगोल शिकवते, तिनं भूगोल बघावा.

माझं एक तत्त्व आहे. दोन अर्थांपैकी ज्यानं पेशंटला झोप लागेल तो घ्यायचा. आमच्या पुसेगावात आजाऱ्यासमोर वाईट नाव कुणी काढत नाही. माझ्या आत्याला शेवटपर्यंत 'पित्त'च होतं. किती शांतपणे गेली. हे वळण मी आता इंग्रजीतून जगाला लावतो आहे.
चालणे: गुडघा.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपार
बाबा पुसेगावहून आले. दोन महिन्यांचा खोकला, म्हणून एक्स-रे काढलेला. अख्खं गाव माझ्याकडून रिपोर्ट वाचून घेतं, मग बाबा तर घरचेच. डॉक्टर समजावून सांगायला बसले होते म्हणे. तर बाबा म्हणाले, ऱ्हाऊ द्या साहेब, माह्या लेकाला परदेशातले रिपोर्ट समजतेत, तो वाचंल. आणि पाकीट उचलून थेट एसटी धरली. माझा ऊर भरून आला.

रिपोर्टात लिहिलंय: उजवीकडे वर डाग, संशयास्पद, ताबडतोब सीटी करावा. आता संशयास्पद म्हणजे खात्री नाही. खात्री नाही म्हणजे दोन्ही शक्य. दोन्ही शक्य म्हटल्यावर माझं तत्त्व लागू होतं. पाकिटावर मराठीत ठळक लिहून दिलं, 'जुना डाग. काळजी नको.' खाली सही आणि तारीख. बाबा माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग बराबर हाय म्हणाले आणि पाकीट पिशवीत घातलं.

सीटी एप्रिलातल्या जयंतीनंतर करू. डॉक्टर लोक 'ताबडतोब' सवयीनं लिहितात.

६ मार्च, गुरुवार
गावी फोन. बाबांचा आवाज बसलाय. ऊन वाढलंय. आई म्हणाली, अर्धीच भाकर खाऊन राहिले, सदरा अंगात राहीना झाला. या वयात वजन उतरलेलं चांगलंच. मीही उतरवणार आहे.
रिपोर्ट: तीन. चहा: सहा.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ९
४४१७ परत आला. तीच जागा. एकतीस मिलिमीटर.

सोबत कंपनीत माझं काम तपासणाऱ्या रिव्ह्यूअर बाईंची मेल. माझ्या 'इंज्युरी'वर विसंबून पुढचा इंग्रजीवाला डॉक्टर मार बरा व्हायची वाट बघत बसला, सहा आठवडे. बाईंनी एकच विचारलंय: तुम्हाला तेव्हा शंका आली नव्हती का? आली असेल तर पिवळा शेरा कुठे आहे?

उत्तर लिहिलं. चार परिच्छेद, त्यात आमच्याकडच्या चालीरीतींवर दोन. पाठवलं नाही, भाषा अजून घासायची आहे.

बाबांचंही उजवीकडे वरच आहे. पण उजवं फुफ्फुस मुळात मोठंच असतं, तिथे काहीतरी सापडणारच.

११ वाजता: गावी फोन लावला. बाबा जयंतीच्या गाण्याच्या तालमीला गेलेत. म्हणजे तब्येत ठणठणीत. परत लावला नाही. हात थोडे गार पडलेत, पंखा कमी करायला हवा.

१४ एप्रिल, सोमवार. पुसेगाव
जयंतीचं पहिलं गाणं दरवर्षी बाबांचं. आज दोन ओळी झाल्या आणि खोकला आला. थांबेना. स्टेजवरच खाली बसले. तोंडाला लावलेला पांढरा रुमाल लाल झाला. मी शेजारच्यांना सांगितलं, पान खाल्लं असेल. आई म्हणाली, त्यायनी जल्मात पान खाल्लं न्हाई. माईक चालूच होता, सगळ्या गावानं ऐकलं.

१७ एप्रिल, गुरुवार. नांदेडहून येताना
सीटी झाला. डॉक्टरांनी जुनं पाकीट उलटून पाहिलं आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? माझ्याआधी बाबाच म्हणाले, माह्या लेकाचं. अभिमानानं. डॉक्टरांनी तारीख पाहिली, मग मला पाहिलं. पाकीट बाबांच्या हातात परत दिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

वारंगा फाट्यावर गाडी थांबली. बाबांनी नवा रिपोर्ट चहाच्या टेबलावर ठेवला. वाच म्हणाले. मी म्हटलं, घरी वाचू. तर म्हणाले, इथंच वाच, घरी तुही माय हाय. मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मराठीत. आजाराचं नावसुद्धा घेतलं. अडायला एकही शब्द नव्हता.

बाबा बशीत फुंकर मारत ऐकत होते. मग म्हणाले, फेब्रुवारीतच वळखलं व्हतं म्या, तुह्यं तोंड पाहून. म्हनलं, पोरगं न्हाई म्हनून राहिलं, त्याला काहून तकलीफ द्यावी.

मी विचारलं, मग तेव्हाच दुसऱ्या डॉक्टरला का नाही दाखवलं?

म्हणाले, तू असताना दुसऱ्याला कसं इचारू.

चहा: एक. तो पण अर्धा राहिला.