रिकामं बंदर

जोहे, ता. पेण
३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
ऋतुजाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जहाजाच्या बॉयलरनं कान खाल्ले हे कबूलही करत नाही, म्हणून हे पत्र. रामवाडीच्या मंडळाची मूर्ती आणि देखावा आमच्याच कारखान्यात होतोय. विषय एकाहत्तरचं युद्ध, बांगलादेशचं स्वातंत्र्य. मी हौसेनं तुम्ही नेव्हीत ज्यावर होतात ते जहाज केलं, चांगलं तीन फुटी. अध्यक्ष हैबतराव म्हणाले, रणगाडे ठेवा, जहाज काढा, नेव्ही नुसती पाण्यात उभी होती. वर उद्घाटनाला तुम्हालाच बोलावून शाल द्यायचीय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही काय केलंत ते लिहा, त्यांना वाचून दाखवते.

गुडघ्याला तेल लावा आणि माझ्यावर माया असू द्या.
तुमची ऋतुजा

रोहा
८ ऑगस्ट २०२५

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

हैबतरावाला सांग, व्हय, उभेच होतो! समुद्र अडवून उभे होतो. धरमतरच्या खाडीला आडवं जाळं लावलं की ओहोटीला मासळी जाते कुठं? तसंच केलं. दारूगोळा आत जाईना, पाकिस्तानची फौज बाहेर पळेना. तिकडच्या पोरांनी नि आपल्या जवानांनी जमिनीवर रक्त सांडलं, ते मी कमी म्हणणार नाय. पण समुद्र मोकळा असता, तर ती फौज शस्त्रं टाकून बसली असती काय?

मी खाली बॉयलरपाशी होतो, बाय. तेरा दिवस धड समुद्र पाहिला नाय. बॉयलरची वाफ कमी पडू दिली नाय, एवढंच.

जहाजातून आग-धूर काढू नको. समोर बंदर कर, रिकामं. जहाज नसेल तर शाल हैबतरावालाच पांघरायला सांग. मी येत नाय.

जेवणाकडे लक्ष दे, हट्ट सोडू नको.
तुझा आजा, हिरामण

जोहे
२४ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न.

हैबतराव म्हणाले, पत्र छान, जहाज नको. मग मी कुंचलाच खाली ठेवला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तेवढी बाकी होती, आणि आमच्याकडे ती मीच करते. जहाज टेम्पोत चढेल तेव्हाच बाप्पाचे डोळे उघडतील, म्हटलं. मालक आदेशदादा घाबरले, काम जाईल म्हणाले. जाऊ दे म्हटलं. बिनडोळ्यांचा गणपती कोण नेणार? टेम्पो दोन दिवस दारात उभा!

काल हैबतराव स्वतः आले. जहाज ठेवा म्हणाले, पण बंदरात शत्रूची एक तरी बोट हवी. मी सांगितलं, एकही दिसत नाही, हेच आजोबांनी केलं. ते म्हणाले, म्हणजे नुसतं उभं राहून बंदर रिकामं ठेवलं! मग जहाज त्यांनीच उचलून टेम्पोत ठेवलं. मी लगेच डोळे आखले.

आता रुसवा पुरे. बुधवारी न्यायला येते. भाषण नको, काही नको, मंडपात नुसते उभे राहा.

तुमचीच हट्टी,
ऋतुजा