कुशीवर वळा

बाबा, तुमचा विषय निघाला की हल्ली घरात सगळे हळू आवाजात बोलतात. शेवटच्या वर्षांत जे बोलत होते ते तुम्ही नव्हतात, आजार बोलत होता, असं आत्या म्हणते, शेजारी म्हणतात, आईसुद्धा म्हणते. आजार होता, हे मला मान्य आहे. पण तुम्हीही होतात.

मला तुमची दुपारची झोप अजून दिसते. आंब्याचा हंगाम, बागेतला मांगर, आंबे ठेवायची खोपी, पेंढ्याच्या वासाने भरलेला. जेवून तुम्ही बाहेर पडवीत सतरंजीवर आडवे होता आणि घोरायला लागता. आत आई आंबे पिकवायला आढी लावते आहे: खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. मध्येच घोरणं तुटतं. श्वासच येत नाही. पेट्या भरणाऱ्या बायका हात थांबवतात. "काकी, बोटीचं इंजिन बंद पडलं बघा! मारा हँडल!" एक जण ओरडते आणि सगळ्या हसतात. आई हसत नाही. ती बाहेर येऊन तुमचा खांदा हलवते. "अहो, कुशीवर वळा." तुम्ही आचका देऊन श्वास घेता, डोळे उघडता आणि म्हणता, "मेली सुखाने झोपूपण देत नाही." घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, अशी आपल्याकडे सगळ्यांचीच खात्री. त्यामुळे तुम्ही दिवसभर पेंगायचात, कपाळ धरून बसायचात, त्याला कारण एकच, आई. येईल-जाईल त्याला तुम्ही ते ऐकवायचात. आई समोरच्याला चहा द्यायची.

मग तुम्ही पाय घासत चालायला लागलात. दोन कामं एकदम सांगितली की गोंधळायचात, आणि गोंधळ झाकायला चिडायचात. त्याच हंगामात तुम्ही आढी स्वतः लावायला घेतलीत. आई म्हणाली, "ती पाटी वाऱ्याने पडलेल्या आंब्यांची आहे, वेगळी ठेवा. मार लागलाय त्यांना." "मला शिकवतेस?" म्हणत तुम्ही ती हाताने उतरवलेल्या फळांतच ओतलीत. पेंढा उघडला तेव्हा सडका वास पडवीपर्यंत आला. सगळ्या बायकांसमोर तुम्ही आईकडे बोट केलंत. "हिनेच घातले. जन्मभर आढी लावली आणि शेवटी ही अक्कल." आजूबाजूच्या बागांतून आईला आढी लावायला बोलावणं यायचं, तिच्या हाताचं नाव होतं. त्या दिवसानंतर तिने पेंढ्याला हात लावला नाही, आणि बोलावणीही हळूहळू बंद झाली.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही दोनदा घरातच पडलात, तेव्हा तुम्हाला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून पांढरे ठिपके दाखवले. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या आहेत, त्यामुळे चालणं मंदावतं, कामाचा क्रम चुकतो, राग लवकर येतो. मग विचारलं, "झोप कशी आहे?" "दगडासारखी," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "मध्येच श्वास थांबतो ह्यांचा. मी हलवते तेव्हा—" "तुला कोणी विचारलं?" पण डॉक्टरांनी तिलाच विचारलं, नीट, खुर्ची तिच्याकडे वळवून. म्हणाले, झोपेत श्वास अडखळणाऱ्यांत हे जास्त दिसतं. रक्तदाब आहेच, पण कशामुळे काय बिघडतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. मुंबईला झोपेची तपासणी करून घ्या. इतकी वर्षं तुमची झोप मोडणारी बाई तुमचा श्वास चालू ठेवत होती, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळलं.

परतताना आंबा घाटात गाडी चहाला थांबली. आईचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. ती हळूच म्हणाली, "म्हणजे ती आढीसुद्धा त्यामुळेच—" तुम्ही कप खाली ठेवलात. "गप. डॉक्टर माझ्या डोक्याबद्दल बोलला, तुझ्या हाताबद्दल नाही."

बाबा, मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून पोट भरतो. गोंधळलेल्या माणसाचं वाक्य मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं. त्यात एक शब्द जास्त नव्हता. 'चूक माझी होती' एवढंच तुम्ही म्हणायला हवं होतं, आणि त्या घडीला ते म्हणण्याइतके तुम्ही शुद्धीवर होतात. तपासणीला तुम्ही गेला नाहीत. आई तुम्हाला वळवत राहिली, तुम्ही तिला शिव्या देत राहिलात, आणि एका पहाटे तिने वळवलं तेव्हा तुम्ही वळला नाहीत.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. फक्त दर हंगामात पहिल्या पेट्या भरायला लागल्या की आई मला एकच विचारते, "नीट झोप मिळाली असती तर ते तसं बोलले नसते, नाही रे?" मी म्हणतो, "नसते बोलले. आजारच होता तो." तिच्यासाठी म्हणतो. पण म्हणताना दर वेळी, थोडा वेळ, मलाही ते खरं वाटतं.